'आमचे सरकार' ते 'आम्हीच सरकार' : मेंढा (लेखा) येथील घोषणेची भाषिक घडण

प्रस्तावना

अलंकार म्हटले की आपल्यापुढे कविता उभी राहते. महाविद्यालयीन अध्यापनातही अनुप्रास, रूपक इत्यादींची उदाहरणे बहुधा काव्यातूनच दिली जातात. वस्तुतः ऐकणाऱ्याचे मन वळविणे हेही अलंकारांचे जुनेच कार्य होय. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यप्रयोजनांमध्ये कान्तासंमित उपदेशाला स्थान दिले आहे. प्रस्तुत निबंधात गडचिरोली जिल्ह्यातील एका घोषणेच्या आधारे मन वळविणाऱ्या भाषेचा ऐतिहासिक विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी राजकीय लेखनात या भाषेचा ठळक नमुना म्हणजे १८९७ मधील 'केसरी'चा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख. या शीर्षकातील प्रश्नाला उत्तर अपेक्षित नाही. ते प्रश्नातच सामावलेले आहे. सरकारला 'डोके' देऊन टिळकांनी चेतनगुणोक्तीही साधली. मात्र प्रश्न विचारणारी प्रजा आणि सरकार यांच्यातील अंतर तेथे कायम राहते. परकीय सत्तेखाली ते स्वाभाविकच होते.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर किती मिटले, हा प्रश्न वनप्रदेशात तीव्रतेने उभा राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झाले. या घोषणेत एकाच क्रियापदाच्या आवृत्तीने जंगल आणि माणूस यांचे भवितव्य एकत्र बांधले आहे. पुढे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा सर्वत्र परिचित झाली : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'.

घोषणेची घडण

'आमचे', 'आमच्या', 'आम्हीच' या अनुप्रासामुळे आणि दोन्ही चरणांच्या शेवटी येणाऱ्या 'सरकार' या शब्दामुळे घोषणा सहज तोंडी बसते. परंतु तिचे खरे बळ व्याकरणात आहे. 'आमचे सरकार' यात षष्ठीचा संबंध आहे. मालक आणि वस्तू तेथे वेगळे राहतात. 'आम्हीच सरकार' यात रूपकातील अभेद आहे. 'च' हे कैवल्यवाचक अव्यय तो अभेद पक्का करते. तरीही पहिला चरण दिल्ली-मुंबईचे सरकार नाकारत नाही, आपले म्हणूनच स्वीकारतो. त्यामुळे घोषणा बंडाची न राहता अधिकारविभागणीची होते.

सर्वनामही लक्षणीय आहे. मराठीत 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेते, 'आम्ही' त्याला बाहेर ठेवते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या सेवा-संकेतस्थळाचे नाव 'आपले सरकार' असे आहे. शासन जवळीक साधण्यासाठी 'आपले' म्हणते. गाव सीमा स्पष्ट करण्यासाठी 'आम्हीच' म्हणते. मन वळविण्याची ही दोन भिन्न तंत्रे आहेत.

घोषणेपासून दाव्यापर्यंत

केवळ घोषणेने अधिकार मिळत नाहीत. मेंढ्यात अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत यांनी शब्दांना आधार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वाद राहिला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील व्याख्येत बांबू 'झाड' होता, तर वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. जुन्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. व्याख्या हेही मन वळविण्याचे साधन आहे आणि एका नामाने उपजीविका अडू शकते, हे यातून दिसते.

समारोप

वरील विवेचनातून एक क्रम स्पष्ट होतो. १८९७ चा अग्रलेख सरकारला प्रश्न विचारतो, मेंढ्याची घोषणा सरकारची व्याख्या बदलते आणि वनहक्काचा दावा ती व्याख्या कागदावर उतरवितो. येथे 'दावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. चामोर्शीसारख्या परिसरातील विद्यार्थ्यांना आपण अर्ज लिहिण्यास शिकवितो. अर्जाची भाषा 'नम्र विनंती'ची, दाव्याची भाषा हक्काची असते. त्यांच्यापैकी अनेकांना उद्या ग्रामसभेचे ठराव व दावे लिहावे लागतील. त्यांच्यासाठी अलंकार आणि अव्यये ही केवळ गुणांपुरती राहू नयेत. 'आमचे' आणि 'आम्हीच' यांतील अंतर ज्याला नेमके कळते, त्याला दुसऱ्याने लिहिलेल्या मसुद्यातील शब्दांचे वजनही तपासता येते. आपल्या अध्यापनाने हे सामर्थ्य त्यांच्या हाती द्यावयास हवे.