बिनमातीची बाग : दुष्काळापासून गच्चीपर्यंत

आपल्या सोसायटीला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. प्लॉट कसे मिळाले, पहिली वर्गणी किती होती, पहिली बोअर कधी घेतली, हे सगळं इतर सभासद या स्मरणिकेत लिहिणारच आहेत. मला संपादक मंडळाने सांगितलं, ‘तुमच्या गच्चीवरच्या त्या पाण्यातल्या भाजीबद्दल लिहा, लोक सारखं विचारतात.’ लिहितो, पण भाजी कशी लावायची याच्या आधी ही पद्धत आली कुठून, ते सांगतो. कारण ‘हायड्रोपोनिक’ म्हटलं की लाखो रुपयांचं पॉलीहाऊस, पंप आणि पाइप डोळ्यांपुढे येतात, अन् माणूस तिथंच थांबतो. इतिहास पाहिला तर ही पद्धत साध्या भांड्यांतून अन् घरच्या अंगणातून वाढलेली आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “अहो, नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही, अन् तुम्ही पाण्यात भाजी लावता होय?” प्रश्न अगदी रास्त होता. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढलेला आहे. २०१२-१३ साली जिल्ह्याने तेच पुन्हा पाहिलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आपल्याकडेही टँकरपुढे घागरींची रांग असायची. गच्चीवरच्या कुंड्या बंद कराव्यात का, यावर सभेत चांगलीच वादावादी झाली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. तेव्हा पाण्याचा हिशोब मांडल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

आता थोडा इतिहास. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपं वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिली. पाऊस, नदी अशी निरनिराळी पाणी घेतली, एकात बागेतली माती मिसळली. मातीमिश्रित पाण्यातलं रोप सगळ्यात जास्त वाढलं. म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही, पाण्यातून आणखी काहीतरी झाडाला मिळतं, हे त्यांनी ओळखलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे विरघळलेले क्षार. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नॉप या शास्त्रज्ञांनी क्षार मोजून पाण्यात घातले आणि मातीचा कणही नसताना झाडं वाढवून दाखवली.

पुढची सत्तर वर्षे हा प्रयोगशाळेतलाच विषय राहिला. तो बाहेर काढला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी. १९२९ पासून ते पाण्यावर भाजीपाला घेऊ लागले. त्यांचे टोमॅटोचे वेल पंचवीस फुटांपर्यंत गेले, अन् वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं. १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ झाला. ग्रीकमध्ये हायड्रो म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे श्रम. विद्यापीठाने द्रावणाची कृती मागितली तेव्हा गेरिक यांचं म्हणणं असं, की हे काम मी माझ्या वेळेत, घरी केलेलं आहे. मग त्याच विद्यापीठाच्या होगलंड आणि अर्नॉन यांनी तपासणी केली आणि १९३८ मध्ये सांगितलं, की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात उत्पन्न जास्त येतं असं नाही. पण माती नाही तिथे ही पद्धत कामाची आहे. हे वाक्य नवशिक्याने गाठीला बांधून ठेवावं. यात जादू काही नाही.

आपल्या देशातली गोष्ट १९४६ ची. तेव्हाच्या बंगाल प्रांतात, दार्जिलिंगजवळच्या कालिम्पोंग इथल्या सरकारी प्रयोग शेतावर जेम्स शोल्टो डग्लस यांनी हेच तंत्र गरिबाला परवडेल असं करायचं ठरवलं. पंप नाही, वीज नाही. साधे हौद, त्यात खडी आणि वाळू, वरून मोजून टाकलेलं खतांचं मिश्रण आणि झारीने पाणी. ‘बंगाल पद्धत’ म्हणून ती जगभर ओळखली गेली. म्हणजे घरगुती, बिनविजेच्या हायड्रोपोनिकचा एक धडा भारतातच लिहिला गेला आहे.

आपल्या भागात हे नाव भाजीमुळे नव्हे, चाऱ्यामुळे पोचलं. दुष्काळात छावणीला जनावरं न्यायची नाहीत म्हणून मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी ट्रेमध्ये मक्याचा हिरवा चारा करून पाहिला. मका रात्रभर भिजवायचा, दिवसभर ओल्या गोणपाटात बांधायचा, मोड आले की ट्रेमध्ये पसरून दिवसातून काही वेळा पाणी शिंपडायचं. आठ-दहा दिवसांत हिरवीगार लादी तयार. एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो चारा निघतो. त्यात बराचसा भाग पाण्याचाच असतो, हेही खरं. कोरड्या चाऱ्याची जागा तो एकटा घेऊ शकत नाही. पण तहानलेल्या दुभत्या जनावराला हिरवं मिळतं.

हे पाहून आमच्या आई म्हणाल्या, “हे तर आपल्या घटासारखंच झालं की.” तुळजाभवानीच्या जिल्ह्यात घटस्थापना काय सांगायची! पत्रावळीवरची मूठभर माती, त्यात धान्य आणि मधल्या मातीच्या घटातून झिरपणारं पाणी. नऊ दिवसांत धान तरारून वर येतं. सुरुवातीचे दिवस दाणा आपली शिदोरी सोबत घेऊन आलेला असतो, त्याला फक्त ओलावा लागतो. शिदोरी संपली की पुढे क्षार लागतात, आणि खरी हायड्रोपोनिक तिथून सुरू होते.

नवशिक्यासाठी सगळ्यात सोपी पद्धत हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांची. यात पंप लागत नाही. मी खाद्यतेलाचा १५ लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा स्वच्छ धुऊन घेतला. बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा रंग दिला; आत उजेड गेला की शेवाळ धरतं. झाकणाला चार भोकं पाडून त्यात जाळीचे कप बसवले, कपात कोकोपीट आणि पालकाची छोटी रोपं. सुरुवातीला पाणी कपाच्या तळाला लागेल इतकं भरायचं. रोप पाणी पीत जातं तशी पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते. म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. झाकण घट्ट असावं, नाहीतर डासांची पैदास व्हायची.

खत म्हणून कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९ एकटं चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम नसतं. हायड्रोपोनिकचं ‘ए’ आणि ‘बी’ असं दोन बाटल्यांचं खत मिळतं. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत थेट मिसळायची नाहीत, साका बसतो. पाण्यात एकामागून एक घालायची. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवायचा. तपासायला साधी पट्टी पुरते.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या त्या डब्यात १२ लिटर पाण्यावर थंडीच्या दिवसांत पालकाची चार रोपं महिनाभर निघाली. कुंडीतलं पाणी खालून वाहून जातं, उन्हाने उडतं. इथे ते झाकलेलं असतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या लेट्यूसवरच्या २०१५ च्या अभ्यासात पाणी तेरा पटींनी कमी लागतं असं दिसलं, मात्र वीज ब्याऐंशी पट जास्त. म्हणूनच आपल्याला पंप अन् एसीची हरितगृहं नकोत, साधा डबाच बरा.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. बादलीवर पांढरा थर धरतो ते पाणी या कामाला जड जातं, आणि आरओच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तर क्षार आणखी जास्त. सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे ९०० लिटर पाणी येतं. एका चांगल्या सरीत असे पंच्याहत्तर डबे भरतील! आणि हंगाम पाळायचा : दसरा-दिवाळीला रोपं लावायची, शिमग्यापर्यंत आवरतं घ्यायचं. चैत्र-वैशाखात आपल्या स्लॅबवर डब्यातलं पाणी तापतं अन् मुळं सडतात.

रौप्यमहोत्सवी वर्षात म्हणून एक सूचना मांडतो. गच्चीच्या पन्हाळीला जोडून पावसाच्या पाण्याची एक झाकलेली टाकी सोसायटीने बसवावी. बागेला फक्त तेच पाणी वापरायचं, प्यायच्या टाकीला आणि टँकरला हात लावायचा नाही, आणि उन्हाळ्यात डबे पालथे घालायचे, असा नियम सगळ्यांनी मिळून करावा. मग कुंड्यांवरून सभेत भांडण होणार नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकच डबा आणि चार रोपं घ्यावीत. जाळीचे कप माझ्याकडे शिल्लक आहेत, केव्हाही येऊन घेऊन जा.