जीपचे उंच बॉनेट

पुण्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात महिंद्राची सीजे-३बी जीप दिसली, की तिच्या उंच बॉनेटला आम्ही कुरूप म्हणत आलो. तो इतिहासाचा पुरावा आहे, हे उशिरा उमगले. महायुद्धकालीन विलीज इंजिनाचे सारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरांच्या बाजूस होते. शक्ती ६० अश्वशक्ती. पुढे नवे हेड आले. मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह मोठे होऊन वर गेले, धूर सोडणारे खालीच राहिले. शक्ती पाऊणशेच्या घरात गेली; इंजिन उंचावले, म्हणून १९५३ मध्ये बॉनेटही.

युक्ती जुनीच. १९२०च्या दशकात शेव्हरोलेट बंधूंनी (होय, तेच!) फोर्डच्या ‘मॉडेल टी’साठी ‘फ्रॉन्टेनॅक’ हेडे विकली, त्यांत दोन्ही व्हॉल्व्ह वर होते. जीपने अर्धीच सुधारणा पत्करली, आणि महिंद्राने तीच कित्येक वर्षे चालवली.