चित्र राहिलें, नांव कोठें?

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं छायाचित्रणाचा वर्ग निघाला. इतका या कलेचा व आपल्या विद्यासंस्थांचा संबंध जुना आहे. पुढें संस्थांच्या दप्तरांत अध्यापकांचीं व सेवकांचीं छायाचित्रें सांठत गेलीं. त्यांचें मोल सर्वांच्या बाबतींत सारखें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील शेरवलीस जन्मलेले धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले व पुढें त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. यांच्या तसबिरी उद्यां नष्ट झाल्या, तरी ग्रंथ व चरित्रें यांच्या योगानें त्यांचीं नांवें राहतीलच. परंतु समूहचित्राच्या कडेला उभा असलेला घंटा देणारा शिपाई, फीचा हिशेब ठेवणारा कारकून, यांचें काय? त्यांचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं. तें चित्र हाच बहुधा त्यांचा एकमेव लेख. आणि त्यावर नांव नसेल, तर तोही मुकाच.

आज गोगटे-जोगळेकर या नांवानें ओळखलें जाणारें रत्नागिरीचें महाविद्यालय १९४५ सालीं स्थापन झालें. त्या वेळचे चेहरे ओळखूं शकणारे विद्यार्थी आतां शंभरीकडे झुकले आहेत. कोंकणच्या दमट हवेनें बुरसलेल्या चित्राची नवी प्रत काढतां येईल. विसरलेलें नांव मात्र कोणत्याही भिंगांतून दिसणार नाहीं. म्हणून प्रत्येक संस्थेनें अशा वृद्धांपुढें आपलीं जुनीं चित्रें ठेवावीं, ओळीवार नांवें लिहून घ्यावीं, आणि आरंभ कडेच्या शिपायापासून करावा.