तिजोरी आणि बंदूक

अमेरिकेंतील पुराणमतवादी पक्षाचे दोन आग्रह प्रसिद्ध आहेत: मध्यवर्ती सरकारनें नागरिकाच्या शस्त्रास हात लावूं नये आणि प्रजेचा पैसा जपून खर्चावा. दोहोंचा उगम एकच, दूरच्या सत्तेविषयींचा अविश्वास. परंतु दोहोंतील वरचढ कोणता, हें १९९६ सालच्या एका प्रकरणावरून दिसतें.

अटलांटा येथील सरकारी रोगनियंत्रण केंद्र बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंचा शास्त्रीय अभ्यास करवीत असे. हा शस्त्रनियंत्रणाचा सरकारी प्रचारच होय, असा नॅशनल रायफल असोसिएशनचा आक्षेप होता. करदात्याच्या पैशानें एकपक्षी प्रचार होऊं नये, हें तत्त्व आम्हांसही मान्य आहे. त्याच आधारावर आर्कान्सासचे रिपब्लिकन प्रतिनिधि डिकी यांनीं खर्चाच्या विधेयकांत कलम घातलें कीं, केंद्राचा निधि शस्त्रनियंत्रणाच्या पुरस्कारार्थ वापरूं नये. शिवाय आदल्या वर्षीं या संशोधनावर खर्चिलेली २६ लक्ष डॉलरांची रक्कम काढून घेण्यांत आली. पण ती तिजोरींत परत गेली नाहीं. मेंदूच्या दुखापतींच्या अभ्यासाकडे वळली. म्हणजे काटकसर एका डॉलरचीही झाली नाहीं! संशोधनास स्पष्ट मनाई नसतांही केंद्राचें हें कार्य धास्तीनें दोन दशकें जवळजवळ थांबलें.

२०१२ सालीं खुद्द डिकी यांनींच अशा संशोधनाची जाहीर मागणी केली. २०१९ अखेर कायदेमंडळानें त्यासाठीं अडीच कोटी डॉलर मंजूर केले. कलम मात्र कायम राहिलें. तात्पर्य, प्रचारास पैसा नाकारणें हें तत्त्वनिष्ठेचें लक्षण असेल. चौकशीस नाकारणें हें भीतीचें होय, असें आम्हांस वाटतें.