मद्यपान व सैन्यभरती यांच्या वयोमर्यादा (भारत)

सैन्यात भरती होण्याचे किमान वय आणि दारू विकत घेण्याचे वा पिण्याचे किमान वय यांत भारतात असलेली तफावत. महाराष्ट्रात ती विशेष ठळक आहे. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षी भरती होता येते, बीअरसाठी २१ वर्षे लागतात आणि रम-व्हिस्कीसाठी २५.

तफावतीचे मूळ राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीनुसार संरक्षण आणि सैन्यदले केंद्राकडे, मादक पेये राज्यांकडे. त्यामुळे सैनिकाचे वय दिल्लीत ठरते आणि दारूचे वय राज्याराज्यांत. दोन्हींचा एकत्र विचार करण्याचे बंधन कोणावरच नाही. अनुच्छेद ४७ दारूबंदीची दिशा दाखवतो, पण वय सांगत नाही. बिहार-गुजरातमध्ये दारूबंदीच आहे, केरळमध्ये मर्यादा २३, गोव्यात १८. महाराष्ट्रातल्या बांद्याहून गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की तोच तरुण, तीच बाटली, आणि कायदा मात्र सात वर्षांनी उदार.

महाराष्ट्रातील नियमांचा पाया १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. नाव दारूबंदीचे असले तरी आज त्याचा कारभार परवान्यांवर चालतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा दारू पिण्याचा परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि त्यात मद्य आरोग्य राखण्यासाठी लागते, असे गृहीत धरलेले असते. २०११ मध्ये राज्य सरकारने व्यसनमुक्ती धोरणात २५ वर्षांची अट पुढे आणली, तेव्हा अभिनेता इम्रान खान याने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. अट कायम आहे. बारमध्ये किंवा दुकानात ती कितपत पाळली जाते, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको.

सैन्याकडून पाहिले तर वयाचा हिशेब वेगळा आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात प्रवेश होतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीराच्या सेवेचा काळ चार वर्षांचा, आणि त्यानंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम करण्याची तरतूद आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत मुले पाठवणाऱ्या गावातला मुलगा बारावी होता होता ग्राउंडच्या तयारीला लागतो. त्याला सोळाशे मीटर धावायचे असते, बीम मारायचे असतात, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो. अठरा पूर्ण नसतील, तर भरतीच्या अर्जावर आईवडिलांची सही लागते. साडेसतराव्या वर्षी गेलेला आणि कायम न झालेला असा अग्निवीर साडेएकविसाव्या वर्षी घरी येतो. हत्यार चालवून, सीमेवर राहून आलेल्या या तरुणाला गावातल्या दुकानातून रम घ्यायला आणखी साडेतीन वर्षे थांबावे लागते. सेवेत असताना मिळणारी कँटीनची सोयही तोवर संपलेली असते, कारण त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही.

लष्करासाठी दारूचा कायदा वेगळा असू शकतो, हे तत्त्व मात्र जुनेच आहे आणि ते मुंबईच्याच खटल्यातून आले. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्यातील काही कलमे रद्द केली, पण युद्धनौका आणि लष्करी मेस-कँटीन यांना सवलत देण्याचा राज्याचा अधिकार वैध ठरवला. सैन्याची शिस्त आणि जीवनपद्धती वेगळी असल्याने हा भेद समतेच्या विरुद्ध नाही, असा त्यामागचा विचार.

‘बंदूक चालते, मग पेला का नाही?’ हा युक्तिवाद अमेरिकेत सर्वांत जोरात झाला. व्हिएतनाम युद्धात अठरा वर्षांच्या मुलांना सक्तीने भरती केले जात होते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना मताधिकार मिळाला आणि त्याच सुमारास अनेक राज्यांनी दारूचे वयही खाली आणले. तरुणांचे रस्ते अपघात वाढल्यावर वारे फिरले. १९८४ च्या कायद्याने २१ वर्षांची अट न मानणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापायचे ठरले. साउथ डकोटाने विरोध केला, पण १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते राज्य हरले. पालकांची संमती असेल तर अमेरिकेत आजही सतराव्या वर्षी सैन्यात जाता येते.

या तुलनेचा उपयोग बहुधा दारूचे वय कमी करण्यासाठी होतो. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला तो मान्य नाही. तपासायला हवे ते साडेसतरा. भारताने २००५ मध्ये सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक करार स्वीकारताना, भरती साडेसोळापासून होत असली तरी अठरा पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रात पाठवले जात नाही, असे लेखी कळवले आहे. म्हणजे अठराखालच्या मुलाला लढाईपासून दूर ठेवले पाहिजे, हे सरकारला मान्यच आहे. मग अग्निवीर भरतीही अठरालाच सुरू करावी. सहा महिने उशिरा गेल्याने मुलाचे काही बिघडत नाही, आणि चार वर्षांच्या करारावर आईवडिलांऐवजी तो स्वतः, कायद्याने सज्ञान म्हणून, सही करील.