ठिणगीविना पेटणारी आग

डिझेलच्या जुन्या जीपला पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी लागत नाही. १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी ठरले ते याच युक्तीवर. हवा एवढी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. थंडीत मात्र गारठलेले लोखंड ती ऊब पिऊन टाकते.

आपल्याकडे जीप मुंबईत जुळवणाऱ्या महिंद्र कंपनीच्या पाटीवर १९४५ साली दुसरे नाव महंमद असे होते. फाळणीनंतर मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटी बदलली. जीपचा इतिहास सांगताना ही नोंद गाळावी असे मला वाटत नाही.

पुढे याच जीपमध्ये २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन आले. हिवाळ्यात त्याची रीत ठरलेली असते. आधी हीटर प्लग तापू द्यायचे, मगच सेल्फ मारायचा. बॅटरी भरलेली हवी, ऑइल थंडीला साजेसे हवे आणि डिझेल फिल्टरमधले पाणी काढलेले हवे.

लडाखमध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर चोंदतो. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने तिथे आणले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. बर्फातल्या गावात पेशंट दवाखान्यात न्यायचा असेल, तर पहाटे इंजिन सुरू होणे ही केवळ सोय राहत नाही. ऑग्सबर्गच्या त्या शोधाला इथवर यायला १२२ वर्षे लागली.