औषध अंगावर उठलं म्हणजे लागू पडलं का?

आजचा विषय फुफ्फुसाच्या कॅन्सरचा आहे, पण मी तो इतिहासाच्या अंगानं मांडणार आहे. आपल्याकडे एक समज घराघरात आहे. औषधानं त्रास झाला, अंगावर पुटकुळ्या उठल्या, की म्हणायचं, "चला, औषध लागू पडलं!" हा समज फक्त आपलाच नाही. युरोपात कित्येक शतकं उपदंशावर पारा देत. रुग्णाच्या तोंडातून लाळ गळायला लागली की वैद्य खूश. खरं तर ती पाऱ्याची विषबाधा होती. म्हणून दुष्परिणामाला कुणी गुण म्हणालं की आपण विचारायचं : पुरावा काय?

गंमत अशी, की या शतकाच्या सुरुवातीला पुरावा मिळाल्यासारखा वाटला. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या आल्या. पेशीला वाढायचा हुकूम देणारा ईजीएफआर नावाचा एक ग्राहक असतो, त्याला या गोळ्या अडवतात. पण हाच ग्राहक कातडीत आणि आतड्यातही असतो. म्हणून चेहऱ्यावर, छातीवर मुरुमांसारखं पुरळ उठतं, जुलाब होतात. 2005 साली एर्लोटिनिबची 731 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. गोळी घेणारे मध्यमानानं 6.7 महिने जगले, नुसती दिखाऊ गोळी घेणारे 4.7 महिने. मग 2007 मध्ये त्याच आकड्यांची फोड झाली. पुरळ न आलेल्यांचं मध्यम आयुष्य साधारण 3 महिने, ठळक पुरळ आलेल्यांचं 11 महिने! आपला घरगुती समज जणू विज्ञानानंच खरा ठरवला.

पण इथं एक मेख आहे. पैठणहून पंढरपूरला जाणाऱ्या नाथांच्या पालखीत ज्यांच्या पायाला फोड आले, ते जास्त चाललेले असणारच. फोडांनी त्यांना चालवलं असं आपण म्हणतो का? तसंच इथं. जो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दगावला, त्याला पुरळ यायला वेळच मिळाला नाही. तो आपोआप 'पुरळ नाही' या रकान्यात गेला. यावर उपाय म्हणजे एक तारीख ठरवायची, तोवर हयात असलेल्यांचीच तुलना करायची. इम्युनोथेरपीच्या बाबतीत जपानी डॉक्टरांनी 2018 मध्ये निवोलुमॅब घेणाऱ्या 134 रुग्णांची अशीच मोजणी केली, सहा आठवड्यांची रेघ आखून. लवकर दुष्परिणाम झालेल्यांचा आजार तरीही जास्त काळ आटोक्यात राहिलेला दिसला. म्हणजे संबंध अगदीच खोटा नाही. पण संबंध म्हणजे कारण नव्हे.

याची परीक्षाही झाली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून एर्लोटिनिब लवकर निघून जातं, म्हणून त्यांना 150 ऐवजी 300 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. फायदा वाढला नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पुरळ उठेपर्यंत डोस वाढवला. पुरळ वाढलं, आयुष्य वाढलं नाही.

मग खरा निकष कोणता? 2004 मध्ये ईजीएफआर जनुकातले बदल सापडले. 2009 च्या आशियाई चाचणीत 1217 रुग्ण होते. ज्यांच्या गाठीत बदल होता त्यांना जेफिटिनिब केमोपेक्षा सरस ठरलं, ज्यांच्यात नव्हता त्यांना उलट केमोच बरी पडली. कातडीवर जे शोधत होतो, त्याचं उत्तर गाठीच्या तुकड्यात होतं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा बदल असलेल्या 350 रुग्णांवर चाचणी केली. नुसतं जेफिटिनिब घेणाऱ्यांचा आजार मध्यमानानं 8 महिने थांबला, जोडीला केमो घेणाऱ्यांचा 16 महिने. पण गंभीर त्रास एका गटात 25 टक्क्यांना, दुसऱ्यात 51 टक्क्यांना. इथं त्रास आणि फायदा दोन्ही वाढले, कारण औषधं दोन होती. त्रास ही मोजलेली किंमत होती. एखाद्याला त्रास झाला नाही म्हणून त्याला फायदाही नाही, असं त्यातून निघत नाही.

हे इथं, संभाजीनगरात, सांगणं मला गरजेचं वाटतं. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून माणसं येतात. गावाकडे गेल्यावर दोन चुका होऊ शकतात. एक, पुरळ आलं नाही म्हणून "औषध लागू पडत नाही" म्हणत गोळी सोडायची. दुसरी, जुलाब किंवा धाप हे गुणाचं लक्षण समजून अंगावर काढायचं. दुसरी जास्त घातक, कारण याच औषधांनी क्वचित फुफ्फुसाला सूज येते आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. पुरळ आलं तरी फोन करा, आलं नाही तरी तपासणीची तारीख चुकवू नका. औषध लागू पडलं की नाही, ते स्कॅन सांगेल. आरसा नाही सांगणार.

आता प्रश्न घेऊ.